तीन पायांच्या वाद्याची चाल

आमच्या घरातल्या टेपरेकॉर्डरचा बेल्ट ढिला झाला आहे, हे कळायला मला तब्बल अकरा वर्षे लागली. तोवर स्पॅनिश संगीतकार एन्रिके ग्रानादोस यांचे पियानोसाठी लिहिलेले पाचवे स्पॅनिश नृत्य, ज्याला सगळे 'आंदालुसा' म्हणून ओळखतात, मी इतक्या वेळा ऐकले होते की ते जसे वाजते तसेच ते असते, याबद्दल मनात शंका उरली नव्हती: जड, सावकाश, प्रत्येक पाऊल टाकण्याआधी जरासा विचार करणारे. पुढे नोकरी लागल्यावर त्याच वादनाची सीडी विकत घेतली आणि पहिल्या काही मात्रांतच विरस झाला. वाजवणाऱ्या बाई त्याच होत्या, पियानो तोच होता, पण नृत्य कुठेतरी गाडी गाठायची असल्यासारखे निघाले होते. हार्मोनियमवर सूर लावून पाहिला तेव्हा उलगडा झाला. आमची कॅसेट जवळजवळ अर्ध्या स्वराने उतरलेली वाजत होती. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकली पाहिजे असा दंडक आहे. आमची त्याहून निवांत सरकत होती, आणि मी जिच्या प्रेमात पडलो होतो ती लय निम्मी ग्रानादोस यांची आणि निम्मी त्या रबरी बेल्टची होती.

मराठीत गाण्याचीही चाल असते आणि माणसाचीही. चाल लावतात, चाल धरतात, चाल बिघडते, आणि अंधारात जिन्यावरून कोण येत आहे हे आपण चालीवरून ओळखतो. या एका शब्दामुळे मला पियानोवरच्या स्पॅनिश नृत्यांबद्दल जे वाटते ते सांगणे सोपे जाते, कारण त्या संगीतात हे दोन्ही अर्थ एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. आल्बेनिस, ग्रानादोस, फाया या स्पॅनिश संगीतकार मंडळींनी नृत्याच्या चाली पियानोवर आणल्या असे आपण म्हणतो तेव्हा सूर आणले, ठेका आणला, एवढेच मनात असते. पण अवघड काम होते ते पाय आणण्याचे.

ती कॅसेट ऐकून आमच्या तबल्याच्या मास्तरांनी जे म्हटले होते ते मला अजून लख्ख आठवते. मिरजेतल्या आमच्या घरी ते शिकवणीला यायचे. एकदा मी टेप बंद करायला विसरलो आणि ते चपला काढून आत आले तेव्हा 'आंदालुसा' चालू होती. ते खाली बसले, उजव्या हाताची बोटे गुडघ्यावर चालवू लागले, दोन आवर्तने गेल्यावर थांबले, पुन्हा सुरू झाले. सहा मात्रा आहेत हे त्यांना लगेच कळले होते. अडचण वेगळीच होती. शेवटी ते म्हणाले, "अरे, हा समेवर येतो, पण वेळेवर येत नाही. आणि तरी चुकत नाही." मग थोड्या वेळाने स्वतःशीच म्हटल्यासारखे, "झोल आहे ठेक्यात." बोलीभाषेत झोल म्हणजे गडबड, पण तबलजीच्या तोंडी हा शब्द कौतुकाचा असतो. ठेका जेव्हा पाळण्यासारखा हलतो, दोन मात्रांमधले अंतर घड्याळाने मोजले तर सारखे भरत नाही पण कानाला अगदी बरोबर वाटते, तेव्हा त्यात झोल असतो. स्पॅनिश नृत्यांच्या कोणत्याही ध्वनिमुद्रणाला मी आजही पहिली कसोटी हीच लावतो.

या नृत्यांपैकी बरीचशी तीन मात्रांची आहेत. फांदांगो, सेगिदिया, सेव्हियानास, बोलेरो आणि आरागोन प्रांतातले उड्या मारत, कास्टनेट नावाच्या लाकडी चिपळ्या वाजवत नाचायचे ते नृत्य, ज्याचा स्पॅनिश उच्चार जवळपास 'होता' असा आहे. पण तो तसा लिहिला की मराठी वाक्य नाहक भूतकाळात जाते, म्हणून मी 'खोता' लिहितो, आणि स्पॅनिश लोकांचा घशातून येणारा 'ह' पाहता ते फारसे चूकही नाही. तीन मात्रा म्हटल्यावर व्हिएन्नाचा वॉल्ट्झ आठवतो, पण तिथल्या आणि इथल्या तीन मात्रांत मोठा फरक आहे. टाळी देऊन पाहावे. आधी सहा मात्रा तीन-तीनच्या दोन गटांत म्हणायच्या: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. मग तेवढ्याच वेळात त्याच सहा मात्रा दोन-दोनच्या तीन गटांत: एक-दोन, एक-दोन, एक-दोन. आता हे दोन्ही आलटून पालटून. जे काही घडते आहे ते तळव्यांपेक्षा कमरेला आधी कळते. ग्रानादोस यांच्या बारा नृत्यांमधले सहावे, 'रोंदाया आरागोनेसा', ही खोताच आहे. तिची सुरुवात मुद्दाम रेंगाळत होते आणि मग लय हळूहळू अशी चढत जाते की, मंडळी आता रिंगणात उतरली आहेत, असे डोळ्यांपुढे येते. तीन मात्रांच्या या नाचांसाठी ग्रँड पियानोसारखे तीन पायांचे वाद्य सापडावे, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे.

अर्थात हे नाच मुळात पियानोचे नव्हतेच. ते गिटारचे, टाळ्यांचे आणि टाचांचे होते. अठराव्या शतकात माद्रिदच्या दरबारात राहून साडेपाचशेहून अधिक सोनाता लिहिणारा दोमेनिको स्कार्लात्ती हा इटलीचा माणूस, पण त्याच्या हार्पसिकॉर्डमध्ये, म्हणजे पियानोच्या आधीच्या पट्ट्यांच्या वाद्यात, रस्त्यावरच्या गिटारी स्पष्ट ऐकू येतात. त्यानंतर दीडशे वर्षांनी इसाक आल्बेनिस यांनी तीच गोष्ट पियानोवर केली. त्यांची 'आस्तुरियास' ही रचना बहुतेकांनी गिटारवर ऐकलेली असते, आणि ती मूळची गिटारचीच असणार असे ऐकणाऱ्याला वाटते. पण ती पियानोची आहे. दोन्ही हात आळीपाळीने एकाच स्वराभोवती ठोके देत राहतात आणि त्यातून गिटारवाल्याचा अंगठा उभा राहतो. पुढे गिटारवादकांनी ती आपल्या वाद्यावर उतरवून घेतली, म्हणजे उसने दिलेले व्याजासकट परत घेतले. तिच्या नावाचीही एक गंमत आहे. आस्तुरियास हा स्पेनच्या उत्तरेचा पावसाळी, हिरवागार, बॅगपाइप वाजवणारा प्रांत, आणि हा तुकडा मात्र नखशिखान्त दक्षिणेचा, आंदालुसियाचा. आल्बेनिस यांनी तो वेगळ्याच संग्रहाची नांदी म्हणून लिहिला होता. त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशकाने तो उचलून दुसऱ्या मालिकेत घातला आणि रिकामी जागा भरावी तसे हे नाव चिकटवले. कोकणातल्या जाखडीला कोणी 'विदर्भ' असे शीर्षक द्यावे तसा हा प्रकार आहे, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ तो बिनबोभाट चालला आहे.

याच रचनेचा मधला संथ भाग लागला की आमची आई स्वयंपाकघरातून विचारायची, "भैरवी लावलीस का रे?" तिचे चुकत नव्हते. आंदालुसियाचे लोकगायन ज्या स्वरावलीत फिरते तिला पाश्चात्त्य संगीतात फ्रिजियन म्हणतात, आणि तिचे स्वर म्हणजे आपल्या भैरवी थाटाचे रे, ग, ध, नि कोमल. शेवटी कोमल रिषभावरून षड्जावर उतरणे, हा त्या संगीताचा जणू स्थायीभाव आहे. याच्या पुढे जाऊन, जिप्सी मुळात भारतातले, म्हणून फ्लामेंको हे आंदालुसियाचे गाणे-नाचणे आपलेच, असे ठोकून देण्याची आपल्याकडे जी हौस आहे तिच्यात मात्र मला पडायचे नाही. स्वर सारखे असले म्हणून घर एक होत नाही. बारा मात्रा म्हटल्यावर आपल्याला एकताल आठवतो, पण तिकडच्या 'सोलेआ' या फ्लामेंको प्रकाराच्या बारा मात्रांत जोर तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर पडतो आणि ओळ बहुधा दहाव्या मात्रेवर मिटते, तेव्हा एकतालाचा हात तिथे पार गोंधळून जातो. आईला भैरवी ऐकू आली, मास्तरांना झोल ऐकू आला. माझ्या मते मास्तर मुद्द्याच्या अधिक जवळ होते.

बेल्टचे प्रकरण उघडकीस आल्यानंतर मला एक नाद लागला: हे संगीत ज्यांनी लिहिले त्यांच्या स्वतःच्या हातात ते कोणत्या चालीने चालत होते, हे शोधण्याचा. आल्बेनिस यांचा हात ऐकायचा तर एकच दार उघडे आहे. १९०३ साली त्यांनी मेणाच्या नळकांड्यांवर तीन छोट्या उत्स्फूर्त रचना वाजवून ठेवल्या. त्या ऐकताना पियानो कढईत तळला जात असल्यासारखी चरचर येते, पण त्या चरचरीमागे एक माणूस कसलीही पूर्वतयारी न करता, बोटे नेतील तिकडे, सहज रमत चालला आहे हे स्पष्ट कळते. ग्रानादोस यांचे जास्त काही शिल्लक आहे, आणि त्यातला महत्त्वाचा भाग कागदावर आहे. त्या काळी भोके पाडलेल्या कागदी गुंडाळीवरून हवेच्या दाबाने आपोआप वाजणारे पियानो असत. वादक एका खास पियानोवर वाजवी, त्याच्या प्रत्येक स्वराची जागा कागदावर उमटे, आणि पुढे कोणाच्याही दिवाणखान्यात पट्ट्या आपल्या आपण खाली-वर होत. 'आंदालुसा' ग्रानादोस यांनी अशा गुंडाळीवर वाजवलेली आहे.

ती प्रथम ऐकली तेव्हा मी वहीत दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या: डावा हात आधी पडतो, उजवा मागून येतो, दोघे एकमेकांची वाट पाहत नाहीत. आजच्या संगीत विद्यालयात असे वाजवले तर शिक्षक कानाला धरतील. पण त्या काळच्या वादकांना हे अगदी स्वाभाविक होते, आणि नाचणाऱ्याच्या पायांचा विचार केला तर मलाही ते स्वाभाविक वाटते, कारण कोणाचेही दोन्ही पाय एकाच क्षणी जमिनीवर पडत नाहीत. उरतो प्रश्न वेगाचा, आणि इथे मला हसू आले. कागदाची गुंडाळी किती वेगाने फिरवायची हे वाजवणारे यंत्र ठरवते, आणि यंत्राची निगा राखणारा माणूस ते यंत्र लावतो. एकाच गुंडाळीची दोन ध्वनिमुद्रणे दोन वेगांची मिळू शकतात. म्हणजे खुद्द ग्रानादोस यांच्या बाबतीतही गाडी पुन्हा बेल्टापाशीच येऊन थांबली.

या गुंडाळ्यांतल्या काही १९१६ च्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये तयार झाल्या. ग्रानादोस तिकडे आपल्या 'गोयेस्कास' या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगासाठी गेले होते. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यासमोर वाजवण्याचे निमंत्रण आले आणि त्यामुळे परतीची ठरलेली बोट सोडून द्यावी लागली. २४ मार्च १९१६ रोजी इंग्लिश खाडी ओलांडताना 'ससेक्स' या जहाजावर जर्मन पाणबुडीचा पाणतीर आदळला आणि ग्रानादोस व त्यांची पत्नी आंपारो दोघेही बुडाले. वय अठ्ठेचाळीस. कागदावरची भोके मात्र अजून शाबूत आहेत.

ग्रानादोस शिक्षकही होते, आणि त्यांनी पियानोच्या पेडलवर एक पद्धतशीर पुस्तिका लिहिली होती, हे कळले तेव्हा माझ्या डोक्यात जे विस्कळीत होते ते एकदम जागेवर बसले. पियानोवादकालाही पाय असतात! उजवे पेडल दाबले की तारांवर टेकलेल्या लोकरीच्या गाद्या उचलल्या जातात आणि स्वर घुमत राहतात. पाय उचलला की गाद्या खाली येतात आणि आवाज जागच्या जागी तुटतो. नाचणाऱ्याचा पाय पडला की आवाज होतो, पियानोवाल्याचा पाय उठला की शांतता होते. क्रिया उलटी आहे, पण दोन्हीकडे नृत्य पायातच आहे. सामान्य वादक ही नृत्ये वाजवताना पेडल दाबून ठेवतो, म्हणजे 'स्पॅनिश वातावरण' तयार होते, चंद्रप्रकाश, कारंजी वगैरे. आणि त्या धुक्यात टाच नाहीशी होते. कोरडेपणा हवा तिथे कोरडेपणा ठेवणे, आणि तोही अर्ध्या मात्रेपुरताच, ही या संगीतातली खरी कारागिरी आहे.

ग्रानादोस यांनी १९०१ साली बार्सेलोनात आपली अकादमी काढली. त्यांच्यामागे ती त्यांचे शिष्य फ्रँक मार्शल यांनी चालवली, त्यांनीही पेडलवर लिहिले, आणि मार्शल यांच्या हाताखाली लहानपणापासून तयार झाल्या त्या आलिसिया दे लारोचा. पाच फुटांहूनही ठेंगण्या, हात लहान, आणि आयुष्यभर वाजवले ते असे संगीत की जे लिहिताना आल्बेनिस यांनी माणसाला दोनच हात असतात याची फारशी दखल घेतलेली दिसत नाही. माझ्या उतरलेल्या कॅसेटवरच्या बाई त्याच. आल्बेनिस यांची 'इबेरिया' ही १९०५ ते १९०८ या काळात, आजारपणात लिहिली गेलेली बारा तुकड्यांची रचना म्हणजे या सगळ्या प्रकाराचे शिखर. हात एकमेकांत गुंतलेले, स्वरचिन्हांची झुंबड, आणि हळू आवाजात वाजवायच्या खुणा तर अशा की एका इंग्रजी 'पी'ने भागत असताना ते पाच-पाच लिहितात. लारोचा यांनी ती पूर्ण तीन वेळा ध्वनिमुद्रित केली: आधी स्पेनमधल्याच कंपनीसाठी, नंतर डेक्का या कंपनीसाठी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आणि पुन्हा १९८० च्या दशकाच्या मध्यावर. पहिल्या वादनात तारुण्याची रग आहे, तिसऱ्यात ऐसपैस जाणतेपण. मला मधले सर्वांत जवळचे वाटते, आणि त्याचे कारण 'त्रियाना' हा एकच तुकडा आहे.

त्रियाना ही सेव्हिया शहरातली, नदीपलीकडची वस्ती; फ्लामेंको गाणाऱ्या-नाचणाऱ्यांची म्हणून तिची ख्याती. तुकडा सुरू होतो तेव्हा कोणीतरी दुरून, जरा लाजत, बोटांनी ठेका धरते. लारोचा यांच्या हातात या ठेक्याचे प्रत्येक टोक कापलेले, स्वच्छ येते, कास्टनेटची दोन लाकडे मिटावीत तसे. मग मधला गाता भाग येतो, आणि तिथे त्या किंचित थबकतात. थबकतात म्हणजे लय सोडत नाहीत. पाय उचललेला आहे, टाच हवेत आहे, सगळ्यांना माहीत आहे की ती पडणार, आणि ती पडण्याआधीचा जो पापणी लवण्याइतका अवकाश असतो तो त्या ऐकवतात. 'समेवर येतो पण वेळेवर येत नाही, आणि तरी चुकत नाही' हे मास्तरांचे वाक्य मला दरवेळी इथे आठवते. अलीकडचे कित्येक वादक हा तुकडा अधिक वेगाने आणि एकही स्वर न सांडता वाजवतात. मी थक्क होऊन ऐकतो आणि पुन्हा लावत नाही. याच संचातला 'लाव्हापिएस' हा माद्रिदच्या एका गजबजलेल्या वस्तीच्या नावाचा तुकडा तर इतका कठीण आहे की त्यात नाच शोधण्याआधी स्वर शोधण्यातच वादकाचा दम निघतो. त्या नावाचा शब्दशः अर्थ 'पाय धू' असा होतो. पायांचा माझा हा ध्यास पाहून भाषेनेही थट्टा करावी, त्यातला हा प्रकार.

मान्वेल दे फाया यांच्याकडे वळलो की मला थोडा अपराधी भाव येतो, कारण त्यांची 'फांतासिया बेतिका' मला मनापासून आवडत असली तरी मी ती क्वचितच लावतो. १९१९ सालची ही रचना पियानोवादक आर्थर रुबिन्स्टाईन यांनी मागवली होती. फाया यांनी त्यात गुळगुळीत काहीच ठेवले नाही. गिटारच्या तारा खरवडल्यासारखे आघात, आणि गाणाऱ्याचा घसा फाटावा तसे सूर. रुबिन्स्टाईन यांनी ती थोड्याच वेळा वाजवून सोडून दिली, आणि मैफिलीच्या शेवटी ते जे हमखास वाजवत ते फाया यांचेच 'अग्निनृत्य', मूळचे बॅले-संगीतातले. त्याची ध्वनिमुद्रणे आहेत आणि चित्रफितही आहे; हात डोक्याच्या वर जातात आणि पट्ट्यांवर कोसळतात. बघायला बहार येते. पण मी डोळे मिटून ऐकले तेव्हा मला हात ऐकू आले, पाय नाही.

आणि मग संगीतकार फेदेरिको मोम्पोऊ. बार्सेलोनाचे, घंटा ओतणाऱ्यांच्या घराण्याशी नाते असलेले, स्वभावाने इतके अबोल की संगीतही जेमतेम बोलणारे. 'कांसो इ दान्सा', म्हणजे गाणे आणि नाच, या नावाने ते १९२० च्या दशकापासून पन्नासेक वर्षे अधूनमधून लिहीत राहिले: आधी एक संथ गाणे, मग एक नाच, बहुतेक वेळा दोन्ही कातालोनियाच्या लोकपरंपरेतली. १९७४ साली, ऐंशी उलटल्यावर, त्यांनी आपले पियानोसंगीत स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केले. बोटे आता पूर्वीसारखी धावत नाहीत हे लपत नाही. यातला पहिला नाच ऐकावा. तरुण वादक तो वाजवतात तेव्हा गावातल्या चौकात पोरे-पोरी गोल धरून नाचत असतात. मोम्पोऊ वाजवतात तेव्हा चौकाच्या कडेला बाकावर एक म्हातारा बसलेला असतो, आणि त्याच्या काठीचे टोक फक्त फरशीवर हलत असते. डावा हात आधी, उजवा मागून. ग्रानादोस यांच्या कागदी गुंडाळीत ऐकला होता तोच उशीर इथे जवळून, एका खोलीत बसून ऐकल्यासारखा ऐकू येतो.

गेल्या दिवाळीत मिरजेला गेलो तेव्हा माळ्यावरून टेपरेकॉर्डर काढला आणि स्टेशन रोडच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. मोबाइलचे पडदे बदलण्याच्या धंद्यात त्याने जुन्या वस्तूंसाठी एक ड्रॉवर अजून राखून ठेवला आहे. बेल्ट चिकट होऊन मोटारीला लपेटला होता. तो त्याने ब्लेडने खरवडून काढला आणि ड्रॉवरमधून नवा शोधून चढवला. मोटारीच्या मागे वेग लावायचा एक बारीक स्क्रू असतो, हे मला तिथेच कळले. मी कॅसेट दिली. 'आंदालुसा' सुरू झाली, सीडीसारखी, बरोबर, नीटनेटकी. तो एका हाताने स्क्रूड्रायव्हर फिरवत होता, मान तिरकी, नजर माझ्याकडे नाहीच. सूर हळूहळू खाली उतरत गेला, आणि टेबलाखाली त्याच्या उजव्या पायाचा चवडा हलू लागला.

"सांगा, कुठं थांबवू?" त्याने विचारले.

"जरा अजून मागं घ्या," मी म्हणालो.